मेक की डू? आपल्या एका 'करणे'मुळे होणारा घोळ

आई पोळ्या करते, बाबा व्यायाम करतात, ताई होमवर्क करते आणि मी चूक करतो. मराठीत चारही ठिकाणी करणेच, त्यामुळे इंग्रजी बोलताना आपल्या तोंडून सहज 'आय डिड अ मिस्टेक' निघतं. ग्रामर बरोबर आहे हो, पण इंग्रज माणूस असं बोलत नाही, तो 'मेड अ मिस्टेक' म्हणतो. आणि हे फक्त आपलंच नाही, फ्रेंचमध्येही केक आणि होमवर्क दोन्हीला 'फेअर' हे एकच क्रियापद चालतं, त्यामुळे तिथली मुलंही इथेच अडखळतात.

पुस्तकात नियम असतो की नवीन काही तयार झालं तर मेक आणि नुसतं काम असेल तर डू. ठीक आहे, पण बोलताना एवढा विचार कोण करणार, मला 'उरकणे' लावून बघायची सवय जास्त उपयोगी पडते. कपडे धुणं उरकलं, खरेदी उरकली, होमवर्क उरकला, म्हणजे डू द लॉन्ड्री, डू द शॉपिंग, डू होमवर्क. चहा, आवाज, वचन, मैत्री, चूक हे काही आपण उरकत नाही, मग मेक टी, मेक अ नॉइज, मेक अ प्रॉमिस, मेक फ्रेंड्स, मेक अ मिस्टेक. शंभर टक्के नाही चालत हे, अंथरूण आवरणं उरकतं तरी ते मेक द बेड, आणि उपकार उरकत नाहीत तरी डू अ फेवर, हे दोन सरळ पाठ करा.

खरी मजा तेव्हा येते जेव्हा शब्द तोच राहतो आणि फक्त मेक-डू बदलतं. मेक अ डिश म्हणजे एखादा पदार्थ करणं, डू द डिशेस म्हणजे भांडी घासणं. मेक टाइम म्हणजे कुणासाठी वेळ काढणं आणि डू टाइम म्हणजे चक्क तुरुंगात शिक्षा भोगणं, त्यामुळे 'आय विल डू टाइम फॉर यू' असं कुणाला लिहू नका. डू युअर बेस्ट म्हणजे जीव ओतून काम कर, मेक द बेस्ट ऑफ इट म्हणजे परिस्थिती वाईट आहे पण त्यातूनच जमेल तेवढं चांगलं काढ.

निर्णयाबद्दल नेहमी विचारतात. निर्णय 'घेणे' म्हणून आपण टेक अ डिसिजन म्हणतो, ते चूक नाही, ब्रिटिश लोकही म्हणतात, पण अमेरिकेत बहुतेक मेकच ऐकू येईल. डू मात्र नको. आणि पार्टी करणे याला मेकही नाही, डूही नाही, तिथे हॅव अ पार्टी.

अशा ठरलेल्या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात, लंडनचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५०च्या दशकात ही कल्पना नीट मांडली. आपल्याकडेही पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा, उलटं करून बघा, कानाला लगेच खटकतं. इंग्रजीत तसंच हेवी रेन आणि स्ट्राँग विंड. म्हणून शब्द वहीत लिहिताना एकटा मिस्टेक लिहू नका, मेक अ मिस्टेक असा अख्खा लिहा.

आणि हो, दोन्ही एकत्रही येतात, मेक डू. दूध संपलंय, आज कोऱ्या चहावर भागवू, तर 'वी विल मेक डू विथ ब्लॅक टी'.