पर्युदरशोथ (जलोदरातला जंतुसंसर्ग)

पोटाच्या आतून आणि आतड्यांवर जे पातळ अस्तर असतं ते पर्युदर, काहीजण उदरावरण म्हणतात. त्याला येणारी सूज म्हणजे पर्युदरशोथ. अपेंडिक्स फुटलं, अल्सरला भोक पडलं किंवा टायफॉइडमध्ये आतडं फुटलं की होतो तो दुय्यम पर्युदरशोथ, पोट लाकडासारखं कडक होतं आणि बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्यामुळे "पोट फुटलं, मिरजेला न्या" हे सांगली भागात वेगळं सांगावं लागत नाही. निसटतो तो दुसरा प्रकार, लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालेल्या पेशंटमध्ये काही न फुटता होणारा, डॉक्टर लोक त्याला एसबीपी (स्पॉन्टेनियस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस, म्हणजे आपोआप होणारा जंतूंचा पर्युदरशोथ) म्हणतात.

एसबीपीची तुरळक वर्णनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असावीत, पण ओळख पक्की झाली ती १९६३ मध्ये लंडनच्या डॉ. कर आणि सहकाऱ्यांमुळे आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या डॉ. हॅरल्ड कॉन यांच्यामुळे. जंतू पोटातल्या पाण्यात येतात कुठून यावर मतभेद होते. जुनं मत असं की सुजलेल्या आतड्याच्या भिंतीतून ते थेट झिरपतात. आता जास्त पटणारं मत म्हणजे आतड्यातले जंतू आधी जवळच्या लसिका गाठींत जातात, तिथून रक्तात आणि रक्तातून पाण्यात, आणि सिरोसिसच्या (लिव्हर आकसून निकामी होण्याच्या आजाराच्या) पाण्यात प्रोटीन, खास करून जंतू मारायला मदत करणारं कॉम्प्लिमेंट, कमी असल्यानं ते तिथं टिकतात. बहुतेकदा एकाच जातीचे जंतू सापडतात, ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला, हे या मताशी जुळतं. आतडं फुटलं तर सहसा अनेक जातींची भेसळ असते.

ताप किंवा पोटदुखी असेलच असं नाही, कधी पेशंट नुसता असंबद्ध बोलतो किंवा लघवी कमी होते. म्हणून ॲडमिट झाल्या झाल्या सुई घालून थोडं पाणी काढून तपासायलाच हवं, १२ तासांच्या पुढे गेलं तर धोका वाढतो. नातेवाईक म्हणतात "एकदा पाणी काढलं की परत परत काढावं लागतं", पण हे तपासणीपुरतं ३०-५० मिली असतं, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढलाय एवढ्यावरून थांबायचं कारण नाही. या पाण्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रिपोर्टवर यांनाच पॉली म्हणतात) दर घन मिलीमीटरला २५० किंवा जास्त म्हणजे निदान झालं. रिपोर्टवर नुसत्या एकूण पेशी १००० आणि पॉली ६० टक्के असं असेल तर गुणाकार करायचा, ६०० येतात. लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी. कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) १० मिली पाणी खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घालावं, साध्या नळीतून पाठवलं तर जंतू बऱ्याचदा वाढतच नाहीत.

कल्चरची वाट न बघता सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक २ ग्रॅम दर ८ तासांनी, साधारण ५ दिवस. हॉस्पिटलमध्येच लागण झाली असेल तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम अशा जास्त जोरदार अँटिबायोटिकपर्यंत जावं लागतं. सोबत शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), पहिल्या दिवशी किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम; ६० किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी ९० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या साडेचार बाटल्या. खर्च मोठा आहे, पण १९९९ च्या अभ्यासात यानं किडनी बंद पडणं आणि मृत्यू दोन्ही कमी झाले, म्हणून घरच्यांना हे नीट समजावून सांगायला हवं. ४८ तासांनी पाणी परत तपासून पेशी चौथाईनंसुद्धा उतरल्या नसतील तर औषध बदलायचं आणि कुठं आतडं तर फुटलेलं नाही ना ते बघायचं.

एकदा झालं की परत होऊ नये म्हणून रोज नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ४०० मिग्रॅ देतात, आणि लिव्हर बदलायचा विषय याच वेळी काढतात.