जीन क्रुपाचा ठेका आणि आपला मेंदू

१६ जानेवारी १९३८, रविवारची रात्र. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा बिग बँड वाजत होता. अभिजात संगीतासाठी नावाजलेल्या त्या सभागृहात लोक चक्क नाचघरांचे स्विंग, म्हणजे नाचासाठीचे जाझ, ऐकायला तिकीट काढून बसले होते. मैफल संपत आली तेव्हा ‘सिंग, सिंग, सिंग’ सुरू झाले आणि सुमारे बारा मिनिटे चालले. त्या काळच्या नेहमीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे, म्हणजे बारा मिनिटे ही केवढी मोठी मजल! मूळ गाणे लुई प्रिमाचे, १९३६ चे. गुडमनच्या बँडने ते जवळजवळ पूर्ण वाद्यांच्या हवाली केले आणि त्याचा कणा झाले जीन क्रुपाचे ड्रम.

मैफलीचे ध्वनिमुद्रण झाले होते, पण ते एलपीवर आले थेट १९५० मध्ये. त्यात खरखर आहे, काही वाद्ये दूरची वाटतात. तरीही आजचा श्रोता ते ऐकतो आणि काही क्षणांत त्याचा पाय हलू लागतो. पुढे काय वाजणार हे पाठ असलेल्यांचाही हलतो. मला खरे कुतूहल आहे ते या पाठ असलेल्यांचे. जे ठाऊक आहे, ते पुन्हा पुन्हा कसे रोमांचित करते?

आधी पायाचे पाहू. क्रुपा सुरुवातीपासून टॉम-टॉम या ड्रमवर खोल, घुमणारा ठेका धरतो. वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन काहीही करोत, तो ठेका सुटत नाही. लय सांभाळायचे काम खालच्या पट्टीच्या वाद्यांकडे असणे हा केवळ रिवाज नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी उंच आणि खालचा असे दोन स्वर एकत्र वाजवले आणि मधूनच त्यांतला एखादा किंचित आधी आणला. खालच्या स्वराची वेळ चुकली की मेंदूतले विद्युतसंकेत जास्त ठळकपणे बदलत आणि ठेका धरणाऱ्यांची बोटेही त्याच्याच मागे जात. कानातल्या शंखाकृती भागाची रचनाच याला कारणीभूत असावी, असे त्यांच्या प्रारूपातून दिसले. शिवाय लय नुसती ऐकतानाही मेंदूचे हालचालीशी संबंधित भाग जागे होतात, आपण हललो नाही तरी.

पण घड्याळाची टिकटिकही नियमित असते आणि तिच्यावर कोणी नाचत नाही. स्विंगची गंमत त्या नियमाला दिलेल्या हलक्या बगलेत आहे. एका मात्रेचे दोन भाग केले तर सरळ हिशेबाने ते सारखे हवेत. स्विंगमध्ये पहिला लांबतो, दुसरा आखडतो. हे प्रमाण ठरलेलेही नाही. स्वीडनमधल्या फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रोम या संशोधकांनी २००२ मध्ये नामवंत जाझ ड्रमवादकांचे वादन मोजले. संथ लयीत पहिला भाग दुसऱ्याच्या साडेतीन पटींपर्यंत जात होता आणि लय वाढली की दोन्ही जवळजवळ सारखे होत होते. मध्यम ते जलद लयीत आखूड भाग मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्शाजवळ टिकून होता.

याहून सूक्ष्म गोष्ट जर्मनीतल्या गटिंगेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवली. एकल वादक मात्रेवरचा स्वर साथीदारांपेक्षा किंचित उशिरा, सेकंदाच्या काही शतांशांनी मागे वाजवतो. दोन मात्रांच्या मधला स्वर मात्र बरोबर वेळेवर. असा उशीर मुद्दाम घातलेले वादन जाणकार जाझ वादकांना अधिक ‘स्विंग’ वाटले. फरक जाणवतो, पण तो कशाने पडला हे त्यांनाही नेमके सांगता येईना.

आता पाठ असलेल्या श्रोत्याकडे वळतो. मुंबईत वाढलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ जमशेद भरुचा यांनी संगीतातल्या अपेक्षेचे दोन प्रकार वेगळे केले. एक अपेक्षा विशिष्ट रचनेच्या स्मरणातून येते: ‘आता इथे पियानो येणार.’ दुसरी आयुष्यभर ऐकलेल्या संगीतातून घडलेली असते: ‘अशा वळणानंतर सहसा असे होते.’ दुसरी आपोआप चालते. पहिलीला उत्तर माहीत असले तरी ही दुसरी आपला अंदाज बांधतेच आणि तो चुकला की दचकतेच. तबल्याच्या लांब तिहाईत सम कुठे पडणार हे ठाऊक असूनही ती पडताच मान हलते, ते काहीसे असेच.

माँट्रियलमध्ये व्हॅलरी सलिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांच्या गटाने २०११ मध्ये लोकांना त्यांचेच आवडते, ओळखीचे संगीत ऐकवून मेंदूची चित्रे घेतली. अंगावर काटा येण्याच्या क्षणी एका भागात डोपामिन हे आनंदाशी निगडित रसायन स्रवले. त्याआधी, तो क्षण येतोय या प्रतीक्षेत, दुसऱ्याच भागात. म्हणजे ओळखीमुळे आनंद शिळा होत नाही, उलट प्रतीक्षेचा आनंद ओळखीमुळेच मिळतो.

कार्नेगी हॉलच्या त्या बारा मिनिटांत असा क्षण माझ्या मते एकच, जेस स्टेसीच्या पियानोचा. गुडमनची क्लॅरिनेट उंच चढून थांबते. एवढ्या गदारोळानंतर कान शेवटच्या धडाक्याची वाट पाहतो आणि येतो तो मंद, विचारात बुडालेला पियानो, सुमारे दोन मिनिटे. क्रुपाचे ड्रम खाली हलके होतात, पण थांबत नाहीत. स्टेसीचे हे वादन ठरलेलेच नव्हते. गुडमनने ऐन वेळी त्याला वाट दिली.

याच बँडने १९३७ मध्ये स्टुडिओत ही रचना मुद्रित केली होती, मोठ्या तबकडीच्या दोन्ही बाजू भरून. ते वादन घट्ट, सफाईदार आहे. त्यात हा पियानो नाही. दोन्ही मुद्रणे सहज ऐकायला मिळतात. आधी स्टुडिओतले ऐका, मग मैफलीतले, आणि क्लॅरिनेट थांबते तिथे आपला कान कशाची वाट पाहतो याकडे लक्ष द्या.