समांतर रेषेचे समीकरण

एक रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू दिला असता, त्या बिंदूतून जाणाऱ्या समांतर रेषेचे समीकरण काढणे हा निर्देशक भूमितीतला पायाभूत प्रश्न आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या भूमितीत रेषेचा चढ येतो, रेषेची समीकरणे अकरावीत.

प्रतलातली कोणतीही रेषा अ·क्ष + ब·य + क = ० अशी लिहिता येते. तिची दिशा अ आणि ब हे सहगुणक ठरवतात, क हे स्थिरपद फक्त जागा ठरवते. म्हणून समांतर रेषेसाठी अ आणि ब तसेच ठेवायचे आणि नवे स्थिरपद तेवढे शोधायचे. बिंदू (प, फ) असेल तर उत्तर थेट लिहिता येते:

अ·क्ष + ब·य = अ·प + ब·फ

उदाहरणार्थ, ३क्ष − ४य + ७ = ० ही रेषा आणि (२, −१) हा बिंदू घेऊ. ३ × २ − ४ × (−१) = १०, म्हणून हवी असलेली रेषा ३क्ष − ४य = १०. दिलेल्या रेषेवर ३क्ष − ४य ची किंमत −७ असते, नव्या रेषेवर १०. एकाच बिंदूपाशी या दोन्ही किमती येणे शक्य नाही, त्यामुळे रेषा कुठेच भेटत नाहीत. दोहोंतले लंबांतर १७ ÷ ५ = ३.४ एकक आहे. ५ हे ३² + ४² चे वर्गमूळ.

वर्गात सहसा चढाची रीत आधी शिकवतात: चढ म = −अ/ब काढायचा आणि य − फ = म(क्ष − प) मध्ये घालायचा. वरच्या उदाहरणात चढ ३/४ येतो, उत्तर तेच. चढाची कल्पना समजायलाच हवी, पण उत्तर काढायला सहगुणकांची रीत अधिक भरवशाची. चढाच्या रीतीत ऋण चिन्ह हमखास सुटते आणि उभ्या रेषेला तर चढच नसतो. क्ष = ५ ला समांतर आणि (−३, ८) मधून जाणारी रेषा क्ष = −३ आहे, हे सहगुणकांवरून लगेच दिसते. दिलेला बिंदू मूळ रेषेवरच असेल, तर मात्र नवे समीकरण म्हणजे तीच रेषा निघते.

अशी रेषा एकच का? यूक्लिडच्या भूमितीत हे सिद्ध होत नाही, गृहीत धरावे लागते. त्याच्या पाचव्या गृहीतकाऐवजी आज सांगितले जाणारे सोपे रूप, म्हणजे बाहेरच्या बिंदूतून समांतर रेषा एकच जाते हे विधान, स्कॉटिश गणितज्ञ जॉन प्लेफेअर यांच्या १७९५ च्या ग्रंथामुळे रूढ झाले. रने देकार्त यांनी १६३७ मध्ये भूमितीला बीजगणिताची जोड दिली. त्या वाटेने पाहिले, तर बिंदूचे निर्देशक घालताच स्थिरपदाची एकच किंमत मिळते आणि रेषेचे एकमेवत्व हिशेबातूनच सिद्ध होते. अर्थात निर्देशकांच्या या प्रतलात यूक्लिडचे गृहीतक आधीच सामावलेले आहे. निकोलाय लोबाचेव्हस्की आणि यानोश बोयॉई यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतंत्रपणे मांडलेल्या भूमितीत बाहेरच्या बिंदूतून मूळ रेषेला न छेदणाऱ्या अगणित रेषा जातात.