साचा आणि वस्तू: पडद्यावरच्या दोन वेगळ्या चुका

एखादी जाहिरात खटकली की ‘बाईला कसे दाखवले आहे बघा’ असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्या एका वाक्यात बहुतेक वेळा दोन निराळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. एक तक्रार ठोकळेबाज चित्रणाची, म्हणजे साच्याची असते, दुसरी वस्तूकरणाची. ठोकळेबाज चित्रणात समोरची व्यक्ती माणूस म्हणूनच दिसते, पण ती कोणते काम करील, कशात हुशार असेल आणि कशात गोंधळेल, हे तिच्या स्त्री किंवा पुरुष असण्यावरून आधीच ठरलेले असते. वस्तूकरणात इतकेही ठरवावे लागत नाही, कारण तिथे ती व्यक्ती माणूस आहे हेच चौकटीबाहेर राहते.

कपडे धुण्याच्या पावडरीची नेहमीची जाहिरात घ्या. तिच्यातली गृहिणी बोलते, दोन पावडरींची तुलना करते, निर्णय घेते, मुलाला दटावते आणि शेवटी सरळ आपल्याकडे बघून हसते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. वस्तूकरणाचा आरोप येथे टिकणार नाही. पण डागाची चिंता घरात फक्त तिलाच आहे आणि नवऱ्याची भूमिका शर्ट मळवून आणण्यापुरतीच आहे, हा साचा मात्र शंभर टक्के हजर आहे. आता टायरची जाहिरात बघा. कॅमेरा घोट्यापासून निघतो, कमरेशी रेंगाळतो, ओठांवर थांबतो. चेहरा पूर्ण दिसलाच तर अखेरच्या क्षणी. ही बाई कोणाची पत्नी नाही, आई नाही, हळवी नाही, की गाडी चालवण्यात कच्चीही नाही. तिच्याविषयी कोणतेच विधान केलेले नाही, कारण साच्यात ओतायला माणूसच शिल्लक ठेवलेला नाही.

अशा साच्यासाठीचा इंग्रजी ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मुळात छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांच्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूचा अखंड पत्रा ओतत, म्हणजे तेच पान पुन्हा पुन्हा छापता येई. माणसांविषयीच्या तयार कल्पनांसाठी तो शब्द रूढ केला तो अमेरिकी लेखक वॉल्टर लिपमन यांनी, 1922 मध्ये. वस्तूकरणाची नेमकी फोड बरीच नंतरची आहे. तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी 1995 मध्ये त्याची सात लक्षणे मांडली. व्यक्तीला केवळ साधन म्हणून वापरणे, तिला स्वतःचा निर्णय नाही असे धरणे, तिच्या जागी तशीच दुसरी चालेल असे मानणे आणि तिच्या अनुभवाची दखलच न घेणे, ही त्यांतली काही. छापखान्याच्या साच्यात मुद्दा पुनरावृत्तीचा आहे, तर या यादीत तो समोरच्या एका व्यक्तीला मिळणाऱ्या वागणुकीचा आहे.

म्हणून ओळखण्याच्या कसोट्याही दोन लागतात. साचा शोधायचा असेल तर स्त्री आणि पुरुष यांच्या जागांची मनातल्या मनात अदलाबदल करावी: अदलाबदल केल्यावर प्रसंग विनोदी किंवा विचित्र वाटू लागला, तर तो साच्यावर उभा होता असे समजावे. वस्तूकरण शोधायचे असेल तर त्या व्यक्तीच्या जागी दुसरी कोणतीही, किंवा एखादा पुतळा, ठेवून पाहावा. जाहिरातीचे काही बिघडले नाही, तर संशय खरा आहे. पुरुषांनाही या कसोट्या तशाच लागू पडतात. बाळाचा लंगोट बांधता न येणारा बाप हा साचा आहे. अत्तराच्या बाटलीशेजारचे, मानेवर कापलेले उघडे धड हे वस्तूकरण आहे.

ब्रिटनमध्ये हा फरक नियमांतही दिसतो. तेथे हानिकारक लिंगभावी साच्यांना मज्जाव करणारा नवा नियम 14 जून 2019 पासून लागू झाला आणि ऑगस्टमध्ये त्याखाली पहिल्या दोन जाहिराती अडकल्या. फिलाडेल्फिया चीजच्या जाहिरातीत खाण्याच्या नादात दोन बाप आपली तान्ही मुले सरकत्या पट्ट्यावर विसरतात. तिच्यावर 128 तक्रारी होत्या. फोक्सवॅगनच्या जाहिरातीत पुरुष अंतराळात तरंगतात आणि कृत्रिम पाय लावून लांब उडी मारतात, तर एक स्त्री बाबागाडीशेजारी बाकावर बसलेली असते; तिच्यावर तक्रारी होत्या अवघ्या तीन. दोन्हींत एकही अंग उघडे नव्हते, कॅमेरा कोणाच्या शरीरावरून फिरला नव्हता. जुन्या शालीनतेच्या मापाने त्या निर्दोष ठरल्या असत्या.

आपल्याकडे ते जुने माप 1986 च्या स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन प्रतिबंधक कायद्यात आहे. त्याची व्याख्या सुरू होते तीच स्त्रीच्या आकृतीपासून, शरीरापासून. अपमानकारक चित्रणाचा उल्लेख तिच्यात आहे, पण सार्वजनिक नीतिमत्तेची काळजीही तितकीच आहे, आणि ही काळजी वस्तूकरणाच्या मुद्द्याशी जुळतेच असे नाही: डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली स्त्रीही निव्वळ शोभेची वस्तू म्हणून उभी करता येते. साच्याचा विचार 1994 च्या केबल टीव्ही नियमांत सापडतो; स्त्रीच्या निष्क्रिय, आज्ञाधारक गुणांवर भर देऊन कुटुंबात व समाजात तिने दुय्यम भूमिका घ्यावी असे सुचवणाऱ्या जाहिराती तेथे नाकारल्या आहेत. पुढे जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे अ‍ॅस्कीने, जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. घर झाडणारी स्त्री दाखवायला त्यांची हरकत नाही. ते काम फक्त स्त्रीचेच, असे सुचवायला आहे. मात्र लैंगिक वस्तूकरणाची मनाईही त्यांनी याच ‘हानिकारक साच्यां’च्या मथळ्याखाली घातली. कारभाराच्या दृष्टीने ते सोयीचे असेल, पण दोन गोष्टींची सरमिसळ त्याने वाढते, असे माझे मत आहे.

मालिका आणि चित्रपट शेजारी ठेवले की फरक आणखी ठळक होतो. दैनंदिन मालिकेतल्या खलनायिकेला स्वतःची इच्छा, डावपेच, संताप, सगळे भरपूर मिळते. विजेच्या कडकडाटासह तिचा चेहरा तीनतीनदा दाखवला जातो. तिला वस्तू कोण म्हणेल? तरीही ती आणि तिच्यासमोरची सोशिक सून या दोघी एकाच ओतकामातून निघालेल्या असतात. याउलट कथेशी संबंध नसलेले ‘आयटम साँग’. त्यात नाचणारी पात्र म्हणून आधी येत नाही, नंतर येत नाही, आणि तिच्याजागी दुसरी आली तरी कथेला पत्ता लागत नाही. गाण्याचे शब्द कितीही बंडखोर असोत, दृश्यांची जुळणी कंबर आणि पाठ यांचीच असते. साचा मोडण्याच्या नादात वस्तूकरण घडते ते नेमके असेच: नायिकेला पोलीस अधिकारी करतात, आणि तिच्या पहिल्या प्रवेशाला कॅमेरा बुटांपासून संथपणे वर चढवतात.

पुरावा गोळा करतानाही हा फरक आड येतो. वस्तूकरण एका जाहिरातीत, किंबहुना एका दृश्यात सिद्ध करता येते, आणि अनेकदा संकलनाच्या टेबलावर चार सेकंद कापून दूरही करता येते. साचा एकट्या जाहिरातीत जाणवला तरी तेवढ्यावरून क्वचितच सिद्ध करता येतो. एक गृहिणी कपडे धुते यात खटकण्यासारखे काहीच नाही. एका आठवड्यातल्या सगळ्या जाहिराती मोजून कोण धुते, कोण शिकवते, कोण पैशांचे ठरवते आणि निवेदनाचा आवाज कोणाचा आहे, याचा तक्ता मांडल्यावरच तो ठामपणे दाखवता येतो. तक्रार लिहिताना म्हणूनच पहिल्या बाबतीत दृश्याची वेळ आणि कॅमेऱ्याची हालचाल नोंदवावी, तर दुसऱ्या बाबतीत काम कोणाला दिले आहे आणि ते दुसऱ्या कोणाचे असूच शकत नाही असे कोणत्या शब्दांतून वा मांडणीतून सुचवले आहे, ते लिहावे.