चांदणी का फसली?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीला भाचरं जमली, की दारातली रांगोळी आणि आतला लॅपटॉप यांच्यात ओढाताण ठरलेली. यंदा म्हटलं, रांगोळी लॅपटॉपवरच काढा. स्क्रॅच उघडून दिलं. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने घडवलेली मुलांसाठीची ही प्रोग्रामिंगची भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात सूचना टाइप करायच्या नसतात. रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक अडकवायचे, की पडद्यावरचं मांजर त्याबरहुकूम चालत मागे रेघ काढतं.

आठवीतल्या भाचीने पाच टोकांची चांदणी घेतली. टोकाशी कोन ३६ अंशांचा, हे तिला ठाऊक होतं. म्हणून 'पाच वेळा: १०० पावलं चाल, ३६ अंश वळ'. उमटली ती अर्ध्या दशकोनाची कमान.

"मामा, हे बिघडलंय!"

"तूच मांजर हो आणि चालून बघ."

दिवाणखान्यात दोन कडा चालल्यावर तिच्या लक्षात आलं: पडद्यावरचं मांजर नाकासमोर चालता चालता वळतं, म्हणून वळायचं १८० वजा ३६, म्हणजे १४४ अंश. पाच वळणांचे ७२०. स्वतःभोवती पूर्ण दोन फेऱ्या. ही युक्ती जुनीच. १९६७ मध्ये जन्मलेल्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेत रेघा काढणारं कासव होतं; त्याच्याबद्दल त्या भाषेचे एक जनक सीमोर पॅपर्ट मुलांना हेच करायला लावत.

टाइप करायच्या भाषेत ती बहुधा एखाद्या राहिलेल्या कंसापाशीच अडली असती. ठोकळे तसल्या चुका होऊच देत नाहीत, विचारातली चूक मात्र जशीच्या तशी पडद्यावर मांडतात. आकारही बोलके असतात. 'जर'च्या षटकोनी खाचेत फक्त खरं-खोटं ठरवणारा ठोकळा बसतो, संख्या बसत नाही. 'कायम' या ठोकळ्याला खाली जोडायला खोबणीच नाही. न संपणाऱ्या आवर्तनानंतर काय येणार? 

मग चांदणीचा स्वतंत्र ठोकळा बनवून, दर वेळी ३० अंश वळत तो बारा वेळा फिरवला. आवर्तनात आवर्तन, आणि फूल तयार. प्रोग्राम शंभरेक ठोकळ्यांवर गेला की हा पसारा वाचणं जड जातं. तेव्हा पायथनसारख्या टाइप करायच्या भाषेकडे वळावं.

भाचीने पुढे सहा टोकांसाठी ७२० ला ६ ने भागलं. १२० अंश. मांजराने एकच त्रिकोण दोनदा गिरवला. सध्या ती त्यावर डोकं खाजवते आहे.