धुळ्याच्या जुन्या वास्तू: काय गेलं, काय उरलं

१८०३ च्या दुष्काळात धुळं ओस पडलं. पुढच्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं आणि गढी नव्याने बांधून काढली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याच्या कारभारासाठी हेच गाव निवडलं. १८१९ साली इथे होती ४०१ घरं आणि २,५०९ माणसं. एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला बागायतीचा पाट, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत गाव.

ब्रिग्जने नवं धुळं वसवायला घेतलं. लांबलांबून कारागीर आणले, कचेऱ्या उभारल्या. जो कोणी घर बांधील त्याला कायमची बिनभाड्याची जागा, शिवाय बांधकामासाठी उचल. रस्ते सरळ आखलेले. आज धुळेकर पत्ता सांगताना बिनदिक्कत 'गल्ली नंबर चार' म्हणतो, त्यामागे ही आखणी आहे. माझ्या मते धुळ्याचा सगळ्यात मोलाचा वारसा हाच. घरं पडली, त्यांच्या जागी स्लॅबच्या इमारती आल्या, पण गल्ल्या जागच्या हलल्या नाहीत. वारशाच्या कुठल्याही यादीत मात्र त्यांना कोणी धरत नाही.

घरांचं तसं झालं नाही. खानदेशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर: सागाचे खांब, तुळया, वर किलचणं, म्हणजे आडव्या लाकडी फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा. पण धाब्याला माणूस लागतो. पावसाळ्याआधी माती घालायची, चोपायची, पाणी कुठे मुरतंय ते पाहायचं. पोरं पुण्या-नाशिकला गेली, वाड्याचे चार-सहा हिस्सेदार झाले, की दोन पावसाळ्यांत तुळई कुजायला लागते. त्यात भाडेकरू जुने, भाडं नाममात्र. मालकाने दुरुस्ती करायची कशातून? शेवटी सागवानालाच चांगला भाव येतो आणि वाडा खांबाखांबाने विकला जातो. नदीनेही आपला वाटा घेतला आहे. १८७२ च्या पुरात पांझरेने घरांचं मोठं नुकसान केलं होतं.

ज्या वास्तू वापरात किंवा लोकांच्या आठवणीत राहिल्या, त्या टिकल्या. १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद विखुरले जाऊ नयेत म्हणून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं, ते आजही आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी बाडं, म्हणजे समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं, समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. शहराबाहेर लळिंगच्या लांडोर बंगल्यात डॉ. आंबेडकर १९३७ साली मुक्कामाला होते. त्या मुक्कामाच्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते, त्यामुळे तो बंगला विसरला जाण्याची भीती नाही.

तरुण अभियंता विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला, १८८४ च्या सुमारास, दातर्तीजवळ पांझरेच्या पात्रातून नळाने पाणी पलीकडे नेलं. फडांच्या, म्हणजे गावांनी मिळून चालवलेल्या जुन्या सिंचन पद्धतीच्या, पाटांनी हिरव्या राहिलेल्या या खोऱ्याचा इतिहास इमारतींइतकाच अशा कामांतही आहे. धुळ्याच्या शाळांमध्ये तो शिकवलाच पाहिजे.

उरलेले सगळे वाडे वाचतील, असं मला वाटत नाही. पण पाडण्याआधी एक दिवस थांबता येईल: दरवाजाचे, खणांचे, देवळीचे फोटो, चौकाची मापं, कोणत्या साली कोणी बांधला ते. आणि माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. राजवाडे मंडळात ते वाचणारी माणसं आहेत.