घडीच्या जुन्या चाकूचे वय: ठसा, पोलाद आणि मूठ

आजोबांकडून आलेल्या घडीच्या चाकूचे वय मुठीवरून ठरवू नये. मुठी तडकतात, बदलल्या जातात. आधी पाहायचे ते पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून असलेल्या बिनधारेच्या तुकड्यावर. कारखान्याचा ठसा तिथे असतो.

मिटणारे पाते रोमनांच्याही आधीचे. पण ते नुसत्या खिळ्याच्या घर्षणावर उभे राहायचे. पाठीला पोलादी स्प्रिंग बसवून पाते जागच्या जागी धरण्याची रचना इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात १७व्या शतकात रुळली, आणि आजोबांच्या पिढीचे बहुतेक चाकू त्याच घडणीचे आहेत. शेफील्डच्या कारागिरांची संघटना १६२४ची. ठसे तिच्याकडे नोंदवले जात, म्हणून चांदणी आणि माल्टीज क्रॉस दिसला की जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या चाकू कारखान्याचे नाव समोर येते. (नकलाही भरपूर झाल्या.) मुकुटासह ‘व्ही आर’ अक्षरे असतील तर काळ व्हिक्टोरिया राणीचा, १८३७ ते १९०१.

अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून नुसते ‘शेफील्ड’ असेल, ‘इंग्लंड’ नसेल, तर चाकू त्याआधीचा असू शकतो. खात्री मात्र नाही, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालाला ही सक्ती नव्हती. याहून पक्की खूण पोलादाची. हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये स्टेनलेस पोलाद केले ते १९१३ साली. पात्यावर ‘स्टेनलेस’ किंवा त्याच अर्थाचा फ्रेंच शब्द ‘इनॉक्स’ असेल तर चाकू त्याआधीचा नाहीच. स्विस चाकूंवरचे व्हिक्टोरिनॉक्स हे नाव १९२१चे. ओपिनेल या फ्रेंच चाकूच्या मुठीच्या तोंडाशी पाते अडवणारी फिरती कडी असेल, तर तो १९५५ नंतरचा.

हे सगळे वाचून होईपर्यंत पॉलिश करू नये. ठसा उथळ असतो. बफिंगच्या चाकावर तो मिनिटभरात पुसट होतो. कार्बन पोलादावरचा करडा-निळसर थर राहू द्यावा, तो गंज नव्हे. लाल गंज तेवढा ०००० नंबरच्या (अगदी बारीक) स्टील वूलने, तेल लावून, ठसा टाळून काढावा. सांध्यातला कचरा लाकडी टूथपिकने काढून खिळ्याशी मिनरल ऑइलचा एक थेंब सोडावा, पाते उघडमीट करून बाहेर येणारे काळे तेल पुसावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करावे. खाद्यतेल नको, ते चिकट होऊन सांधा धरते. हाडाची मूठ पाण्यात भिजवली की तडकते.

मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, असेल तर जास्त जपावे लागते. १९व्या शतकाच्या अखेरीपासून काही दशके ती फार चालली. कापराचा वास, बारीक भेगा आणि मुठीजवळच गंजलेले पाते दिसले, तर सेल्युलॉइड विघटू लागले आहे. त्यातून सुटणारे आम्लयुक्त वायू त्याच डब्यातले इतर चाकूही गंजवतात, म्हणून असा चाकू वेगळा, उघड्या हवेत आणि आगीपासून दूर ठेवावा.